सर्पगंधा, खाजकुइली आणि कंपवात

पावसाळा सरला की घोटावडे आणि आसपासच्या मुळशी खोऱ्यात बांधावर, कुंपणावर खाजकुइलीचे वेल शेंगा धरू लागतात. शेंगेवरची लव अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो, म्हणून लोक या वेलापासून चार हात दूरच राहतात. पण तिच्या बियांमध्ये लेव्होडोपा हे द्रव्य असते, आणि कंपवात म्हणजे पार्किन्सन्सवरचे आजचे सर्वांत परिणामकारक औषधही लेव्होडोपाच आहे. त्यामुळे ‘गोळ्या कशाला, कवचबीजाची पूड घ्या’ असा सल्ला रुग्णांना हमखास मिळतो. तो किती मानावा, हे कळण्यासाठी आधी सर्पगंधेची गोष्ट पाहू.

सर्पगंधाही सह्याद्रीत सापडते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्या मुळातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले. त्याच्या गोळ्या जगभर गेल्या. मात्र त्या घेणाऱ्या काही जणांच्या हालचाली मंदावल्या, अंग ताठरले, हात थरथरू लागले. हे हुबेहूब कंपवातासारखे होते.

असे का व्हावे? स्वीडनचे अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले, तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा टोचले आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ मधील या प्रयोगाने डोपामिन या मेंदूतील रसायनाकडे बोट दाखवले. रेसरपिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते आणि लेव्होडोपापासून मेंदू डोपामिन पुन्हा तयार करतो. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताने मृत्यू झालेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा तेथेही डोपामिन फार कमी आढळले. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपा तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवत देऊन रुग्णांना पुन्हा हिंडते-फिरते केले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवले होते. मग पूड का घेऊ नये? कारण नुसते लेव्होडोपा पोटात गेले की त्याचा मोठा भाग मेंदूत पोहोचण्याआधीच डोपामिनमध्ये बदलतो. त्यातून मळमळ, उलटी, उभे राहताच रक्तदाब उतरणे असे त्रास होतात. गोळीत कार्बिडोपा हे जोडऔषध असते. ते हा अपव्यय रोखते आणि मात्रा कमी लागते. शिवाय प्रत्येक बीत लेव्होडोपा सारखे नसते. २०१७ मध्ये बोलिव्हियातील १८ रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पुडीच्या एका मात्रेने चांगला परिणाम दिसला. पण पुढच्या अभ्यासात १६ आठवडे रोज पूड द्यायची ठरली, तेव्हा १४ पैकी ७ जणांना ती मध्येच सोडावी लागली. काहींना पोटाचा त्रास झाला, काहींच्या हालचाली बिघडल्या. वनस्पती निरुपयोगी नाही, पण ती गोळीची जागा आपल्या मनाने घेऊ शकत नाही. लेव्होडोपाची चालू गोळी एकदम बंद केल्यास अंग लाकडासारखे ताठरून, ताप येऊन जिवावर बेतू शकते.

लेव्होडोपा डोपामिनची उणीव भरते, पेशींचा नाश थांबवत नाही. तो का होतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. वय आणि आनुवंशिकता यांचा वाटा आहेच. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचे अमली द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक कंपवात जडला आणि बाहेरचे विषही या पेशी मारू शकते हे उघड झाले. पॅराक्वाट या तणनाशकाची रासायनिक ठेवण त्या विषाशी मिळतीजुळती आहे. कीटकनाशके व तणनाशके वर्षानुवर्षे हाताळणाऱ्यांत हा आजार अधिक दिसतो, असे अनेक अभ्यास सांगतात. भातखाचरात फवारणी करणाऱ्याने मास्क, हातमोजे वापरणे आणि नंतर साबणाने अंघोळ करणे ही म्हणूनच चैन नव्हे.

सर्पगंधेचा धडा आजही तितकाच कामाचा आहे. चक्कर, उलटी किंवा मानसिक आजारावरची काही औषधे डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. चक्करेसाठी दिलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनची गोळी ज्येष्ठ माणसे महिनोन्‌महिने दुकानातून आणून घेत राहतात आणि मग चाल मंदावते, हात थरथरतो. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवल्यावर बहुतेकांची लक्षणे काही महिन्यांत कमी होतात. हा खरा कंपवात नसतोच.

म्हणून हात स्वस्थ असताना थरथरणे, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, चेहरा निर्विकार होणे यांतले काही दिसले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या आणि काढ्याच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात. निदानाचा निम्मा उलगडा कधी कधी त्या पिशवीतच होतो.