एका खड्यासाठी आठांचा विचार

नवरत्नांच्या अंगठीतला खडा पडला, तर कोणता पडला हे सोनाराला विचारावे लागत नाही. मांडणी ठरलेली असते. मध्ये माणिक, पूर्वेला हिरा आणि तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोती, पोवळे, गोमेद, नीलम, लसण्या, पुष्कराज, पाचू. अंगठी परंपरेप्रमाणे घडवलेली असेल, तर रिकाम्या घराचे दोन शेजारी पाहिले की गेलेल्याचे नाव कळते. ग्रहांचे काय ते ज्योतिषी जाणोत. दुरुस्ती करणाऱ्याला ही मांडणी फार सोयीची आहे.

सोय इथेच संपते. बाकी कुठल्याही अंगठीत एक खडा गेला की त्याच्यासारखा दुसरा शोधायचा आणि बसवायचा. नवरत्नांच्या अंगठीत नवा खडा बसवताना जागेवर असलेल्या आठांना काय सोसेल याचाही हिशेब करावा लागतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा निघतो. रत्ने नऊ असली, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने पदार्थ सहाच आहेत. माणिक, नीलम आणि पुष्कराज हे एकाच खनिजाचे, कोरंडमचे, तीन रंग. ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये किंचित क्रोमियम मिसळले की माणिक होते, लोह आणि टायटॅनियम मिसळले की नीलम. पाचू हे बेरिल, गोमेद हा गार्नेटचा प्रकार, लसण्या म्हणजे क्रायसोबेरिल आणि हिरा हा शुद्ध कार्बन. उरलेले दोन खनिजांत मोडतच नाहीत. मोती शिंपल्यातल्या जिवाने तयार केलेला, पोवळे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या वसाहतीने. दोन्हींचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रासायनिकदृष्ट्या खडूच.

म्हणून पडण्याच्या शर्यतीत हे दोघे बहुधा पुढे असतात. फ्रीड्रिख मोह्स यांच्या कठीणपणाच्या श्रेणीत हिरा 10वर, कोरंडम 9वर, लसण्या साडेआठला, पाचू साडेसात ते आठच्या दरम्यान, गोमेद सातच्या आसपास. पोवळे तीन-चारला थांबते, मोती तर अडीचपासून सुरू होतो. घरातल्या साध्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा 7 आहे. टेबलावरून हात फिरवला, अंगठी सदऱ्याला पुसली, की मोत्याचा आणि पोवळ्याचा पृष्ठभाग थोडा घासला जातो. त्यात घाम किंचित आम्लधर्मी, आणि कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की खडा बारीक होतो आणि धरणारे काटे जागच्या जागी असूनही त्यांची पकड सुटते. काट्यांची झीज वेगळीच. सोन्याचा कठीणपणाही तीनच्या आतबाहेर, आणि 22 कॅरटचे सोने 18 कॅरटच्या सोन्यापेक्षा मऊ. आपल्याकडे दागिना 22 कॅरटचाच हवा हा आग्रह असतो. खड्याच्या अंगठीपुरता तो सोडायला हरकत नाही, असे माझे मत.

बदली खडा घेण्याआधी पडलेला सापडतो का, हे पाहावेच. इथे एक भौतिकशास्त्रीय युक्ती आहे. माणकातले क्रोमियम अतिनील प्रकाश शोषून लाल प्रकाश बाहेर टाकते. तरंगलांबी सुमारे 694 नॅनोमीटर. 1960 साली थिओडोर मैमन यांनी जगातला पहिला लेसर माणकाच्या कांडीतून मिळवला तो याच गुणधर्मावर. खोली अंधारी करून नोटा तपासायचा अतिनील टॉर्च जमिनीलगत फिरवला, तर कोपऱ्यातले माणिक निखाऱ्यासारखे पेटून दिसू शकते. मात्र हे सगळ्या माणकांना लागू नाही. म्यानमारमधल्या मोगोकच्या संगमरवरात तयार झालेल्या माणकात लोह कमी, म्हणून ते चांगले उजळते. थायलंडच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या माणकात लोह जास्त आणि लोह ही चमक मारून टाकते. मोतीही अशा प्रकाशात फिकट उजळतो, काही हिरे निळसर दिसतात. पाचूकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधून खोली झाडणे बरे.

नाहीच सापडला, तर मोजमाप. इथे लोक वजन सांगतात आणि फसतात. ज्योतिषाने अमुक रतीचा सांगितला होता, पावतीवर तमुक कॅरट लिहिले आहे, तसाच द्या. पण कॅरट हे वजनाचे माप आहे, 200 मिलिग्रॅमचे, आणि घर भरते ते आकारमानाने. 3 मिलिमीटर व्यासाचे गोल माणिक साधारण 0.12 कॅरट भरते. तेवढ्याच घरात बसणारा पाचू 0.08च्या आसपास, कारण बेरिलची घनता 2.7 आणि कोरंडमची 4. म्हणून रिकाम्या घराचा व्यास आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजायची. जुन्या अंगठीत ही मापे कुठल्याच ठरीव आकाराशी जुळत नाहीत. तेव्हा खडा हाताने घासला जाई आणि त्याच्या अंगाप्रमाणे कोंदण घडवले जाई. आता खडे ठरलेल्या मापांत घासून येतात आणि कोंदणही त्यांच्या मापाचे ओतले जाते. मधल्या मापाचा खडा हवा असेल, तर थोडा मोठा घेऊन पुन्हा घासून घ्यावा लागतो. जयपूरला हे काम पिढ्यानपिढ्या चालते.

आता नवा खडा खरोखर तोच आहे का? पुष्कराज घेऊ, कारण घोळ तिथे सर्वांत जास्त. पिवळे कोरंडम, पिवळा टोपाझ आणि सिट्रिन नावाचे पिवळे क्वार्ट्झ डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. खडा बसवण्याआधी तो पाण्यात तोलला, तर आर्किमिडीज भांडण मिटवतो. हवेत 1.60 कॅरट भरणारा खडा पाण्यात 1.20 भरला, तर त्याने 0.40 कॅरट पाणी बाजूला सारले, 1.60 भागिले 0.40 म्हणजे 4, हे कोरंडम. तोच पाण्यात 1.15च्या आसपास भरला तर टोपाझ, 1.00च्या आसपास भरला तर सिट्रिन. लहान खड्याला काटा फार नाजूक लागतो, म्हणून प्रयोगशाळेत याच्या जोडीला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. प्रकाश खड्यात शिरताना किती वाकतो, ते तो सांगतो: कोरंडम 1.76, टोपाझ 1.62च्या आसपास, सिट्रिन 1.54. एकदा कोंदणात बसला की खडा तोलता येत नाही, आणि खालून बंद असलेल्या कोंदणात बाकीची तपासणीही अवघड होते. तपासणीचा आग्रह धरायचा तो बसवण्याआधी.

लसण्याची परीक्षा निराळी. त्यातला मांजरीच्या डोळ्यासारखा पट्टा आत समांतर पसरलेल्या अतिसूक्ष्म सुयांमुळे दिसतो. सगळ्या सुया तळाशी समांतर राहतील असाच तो घासावा लागतो; थोडे तिरके झाले की पट्टा एका कडेला सरकतो. एकाच ठिकाणाहून येणारा प्रकाश, मोबाइलचा दिवाही चालेल, त्यावर धरून खडा फिरवावा. पट्टा मधोमध आणि सरळ हवा. पट्टा फारच रेखीव आणि तेजस्वी असेल, तर तो काचतंतूंचा तुकडा असण्याचीही शक्यता धरावी. गोमेदाचे उलट आहे: भिंगाखाली त्याच्या आत काकवी पाण्यात सोडल्यासारखी ढवळ दिसते, आणि तीच त्याच्या अस्सलपणाची खूण. अगदी नितळ गोमेद दिसला की मला शंका येते.

खडा मिळाला. आता तो बसवायचा, आणि खरी कसोटी इथे आहे. झिजलेल्या काट्याच्या टोकाला नवे सोने जोडायचे म्हणजे झाळायचे, म्हणजे ज्योतीखाली 700-800 अंश सेल्सिअस. या तापमानाला हिरा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो, त्याच्या पृष्ठभागावर पांढरट धुरकटपणा येतो. म्हणून कारागीर हिऱ्यावर टाकणखाराचा किंवा बोरिक ॲसिडचा लेप देतात. पण हाच लेप तापलेल्या माणकावर, नीलमवर किंवा पुष्कराजावर गेला, तर कोरंडमचा पृष्ठभाग खाल्ला जातो. एकाचे चिलखत शेजाऱ्याला जाळते, आणि या अंगठीत दोघांमध्ये जेमतेम मिलिमीटरचे अंतर. पाचूत जन्मजात भेगा असतात आणि त्यात बहुधा तेल किंवा राळ भरलेली असते. भेगेतल्या हवेत आणि पाचूत अपवर्तनांकाचा फरक मोठा म्हणून भेग चमकते. तेलाचा अपवर्तनांक पाचूच्या जवळचा, म्हणून ती लपते. ज्योत लागली की तेल उडून जाते आणि पाचू एकदम भेगाळ दिसू लागतो. मोत्यात आणि पोवळ्यात सेंद्रिय द्रव्य असते, ते करपते.

झाळल्यावर सोन्यावरचा काळपटपणा काढायला अंगठी सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवतात. त्यात मोती-पोवळे गेले तर काय होईल ते सांगायला नको. माणकाबद्दल निर्धास्त राहावे असे वाटते, कारण कोरंडमला हे आम्ल काही करत नाही. पण 2004च्या सुमारास बाजारात शिशाच्या काचेने भेगा भरलेली माणके मोठ्या प्रमाणावर आली. ती काच आम्लात झिजते आणि लाल खड्यावर जाळे उमटते. दोष कारागिरावर येतो, कारण खडा देताना विक्रेत्याने काही सांगितलेले नसते.

त्यात सोने ‘केडीएम’च्या काळातले असेल, तर सांधे कॅडमियमयुक्त मिश्रधातूचे असू शकतात. कॅडमियम 767 अंशांना उकळते. पुन्हा ज्योत लागली की त्याची वाफ होते, आणि ती फुप्फुसांना फार घातक. सराफ कट्ट्याच्या माडीवर बिनखिडकीच्या खोलीत बसून हे काम करणाऱ्या माणसाचा विचार अंगठीचा मालक क्वचितच करतो.

या सगळ्यावर दोन मार्ग आहेत. जुना मार्ग, झळ न सोसणारे सगळे खडे आधी काढायचे, झाळायचे, मग पुन्हा बसवायचे. प्रत्येक काढघालीत काटे वाकतात आणि पुढच्या तुटीचे बीज पेरले जाते. नवा मार्ग लेसर वेल्डिंगचा. प्रकाशाचा झोत मिलिमीटरपेक्षा लहान ठिपक्यावर काही हजारांश सेकंद पडतो, तेवढेच सोने वितळते, शेजारचा मोती तापत नाही. मजुरी जास्त पडते. नवरत्नांच्या अंगठीसाठी ती द्यावी.

रंग जुळवण्याआधी उरलेले आठ खडे धुऊन घ्यावेत: कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. लिंबू, चिंच आणि टूथपेस्ट दूर ठेवायची. दुकानातले अल्ट्रासॉनिक यंत्र पाचू, मोती आणि पोवळ्याला वर्ज्य. खड्यांच्या पोटाशी साबणाचा आणि त्वचेच्या तेलाचा थर बसलेला असतो आणि हिऱ्याला तर तेल चिकटतेच. तो थर राहू देऊन रंग जुळवला, तर पहिल्या धुण्यात नवा-जुना फरक उघडा पडतो. जुळवणी दुकानातल्या दिव्याखाली करू नये. पिवळसर दिव्यात माणिक खुलते आणि नीलम काळवंडतो. दोन खडे एका प्रकाशात जुळे दिसतात आणि दुसऱ्यात नाही, कारण ते वेगवेगळ्या तरंगलांबी शोषून एकच रंग दाखवत असतात. खडा दाराबाहेर, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहावा. माणिक असेल तर अतिनील टॉर्चखालीही पाहावे.

आणि जुने म्हणजे नैसर्गिकच, हा समज बाजूला ठेवावा. ओग्यूस्त व्हेर्नूय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 साली ज्योतीतून ॲल्युमिनाची भुकटी वितळवून माणिक वाढवण्याची रीत जाहीर केली आणि काही वर्षांतच हे माणिक जगभरच्या दागिन्यांत पोचले. पणजीच्या अंगठीतले माणिक व्हेर्नूयच्या रीतीचे असू शकते. भिंगाखाली त्याच्या वाढीच्या रेषा वक्र दिसतात. नैसर्गिक माणकात त्या सरळ, कोनात वळणाऱ्या. अंगठीतले गेलेले माणिक कारखान्यातले असेल, तर बदली म्हणून तसलेच घेण्यात मला काही गैर वाटत नाही. रसायन तेच, कठीणपणा तोच, आणि जुन्या दागिन्याशी इमान राखल्यासारखे होते. फक्त पावतीवर तसे लिहिलेले हवे: नैसर्गिक की कृत्रिम, तापवलेला की नाही, काच किंवा तेल भरलेले आहे का, मिलिमीटरमध्ये माप आणि कॅरटमध्ये वजन. हिऱ्याचेही तसेच. जुन्या घासणीच्या मंद हिऱ्याच्या जागी आजचा 57 पैलूंचा ब्रिलियंट बसवला, तर तो एकटाच ओरडतो.

मोत्याची बदली सर्वांत कठीण. 1920च्या दशकात जपानी संवर्धित गोल मोती बाजारात येण्याआधीच्या अंगठीत बहुधा आखाताचा, आपण ज्याला बसऱ्याचा म्हणतो तो, मोती असायचा. वयाने तो सायीच्या रंगाकडे झुकलेला असतो. त्याच्या जागी पांढराशुभ्र मोती घेऊ नये. विक्रेत्याने बाजूला टाकलेल्या किंचित पिवळट मोत्यांतून निवडावा, तो स्वस्तही पडतो. बसवायचा सगळ्यात शेवटी, झाळकाम, आम्ल आणि पॉलिश सगळे उरकल्यावर. अर्धे भोक पाडलेला मोती सोन्याच्या खुंटीवर एपॉक्सीने चिकटवतात. एपॉक्सी पुरते घट्ट व्हायला दिवसभर जातो, तोवर अंगठी घालून भांडी घासायला बसू नये.