सरळ दिसणारी पन्हळ

पावसाळ्यात कौलारू घराच्या पडवीत बसून वळचणीच्या पागोळ्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक कौलाच्या टोकावरून एकेक धार सुटते आणि तिच्या नेमकी खाली, अंगणात, एक लहानसा खळगा पडतो. पाऊस ओसरला की घराच्या कडेने या खळग्यांची ओळच उमटलेली दिसते. तीन मीटर उंचीवरून सुटलेला पाण्याचा थेंब जमिनीवर पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे सात मीटर असतो. एवढ्या वेगाने आपटलेले पाणी माती उकरते आणि चिखल भिंतीवर हात-दीड हात उंच उडवते. घराचे जोते आणि भिंतीचा पाया यांचे निम्मे दुखणे येथेच सुरू होते. ते टाळण्यासाठी वळचणीला पन्हळ लावतात.

पण पन्हळ लावूनही दुखणे जात नाही, क्वचित वाढतेच. आमच्या रत्नागिरीकडील घरी तसे झाले. मे महिन्यात मागच्या वळचणीला आठ मीटर लांबीची जस्ती पत्र्याची नवी पन्हळ बसवली होती. श्रावणात मी गेलो तो मागील भिंतीचा दक्षिणेकडचा कोपरा भिजून फुगला होता, गिलावा सुटला होता आणि आतली माती बोटाने निघत होती. पूर्वी पाणी सगळ्या लांबीवर वाटून पडे. आता सगळे पाणी त्या एका कोपऱ्यावर पडत होते. काका म्हणाले, “अरे, पन्हळ लहान पडतेय. मोठी करून घेऊ या.” बहुतेकांचे निदान हेच असते. ते बरोबर आहे का, हे आधी हिशोबाने पाहू.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. छपराचे क्षेत्रफळ काढताना मात्र उतरत्या बाजूची लांबी धरायची नाही. छपराखाली जमिनीवर जेवढी जागा झाकली जाते तेवढीच धरायची. पाऊस सरळ पडत असेल तर छप्पर तेवढाच पाऊस अडवते, मग त्याचा उतार कितीही असो. आमच्या मागील छपराखालची जागा ८ मीटर × ४ मीटर, म्हणजे ३२ चौरस मीटर. तासाला १०० मि.मी. या जोराने पाऊस कोसळू लागला तर तासाला ३,२०० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.९ लिटर पाणी पन्हळीत येईल. पंधरा लिटरची बादली सतरा सेकंदांत भरेल! रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. त्या हिशोबाने घराच्या या एकाच बाजूवरून वर्षाकाठी लाखभर लिटर पाणी उतरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, तसा पाऊस या छपरावर पडता तर एका दिवसात तीस हजार लिटर पाणी आले असते.

आमची पन्हळ अर्धगोल, १२ से.मी. रुंदीची होती. योग्य उतार दिला तर सेकंदाला ०.९ लिटर पाणी तिला जड नाही. तेव्हा दोष मापात नव्हता, बसवण्यात होता. तो शोधण्याची उत्तम वेळ म्हणजे भर पाऊस. छत्री घ्यावी आणि पन्हळीतून पाणी नेमके कोठून बाहेर पडते ते पाहावे. आमच्याकडे पाणी उतरत्या पाइपाच्या विरुद्ध टोकावरून सांडत होते. पाइप उत्तरेच्या टोकाला, आणि धबधबा दक्षिणेच्या टोकाला!

गंमत अशी, की अंगणात उभे राहून पाहिले तर पन्हळ अगदी सरळ दिसे. डोळा ‘सरळ’ ठरवतो तो शेजारच्या रेषेशी तुलना करून, आणि येथे शेजारची रेषा म्हणजे वळचण. बसवणाऱ्याने पन्हळ वळचणीशी समांतर ठेवली होती. पण जुन्या घराची वळचण स्वतः समतळ असतेच असे नाही. खांब खचतो, वासे वाकतात. पन्नास वर्षांत एक कोपरा दोन बोटे खाली जातो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. मला तर वाटते, जुन्या घराची पन्हळ वळचणीला समांतर आणि देखणी दिसत असेल तर आधी संशयच घ्यावा.

समतळ कोणते हे डोळ्याने न ठरवता पाण्यानेच ठरवावे. गवंडी त्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी वापरतात. नळीत पाणी भरून तिची दोन्ही टोके वर धरली की दोन्ही बाजूंच्या पाण्याची पातळी एकच राहते, मग टोकांमध्ये आठ मीटर अंतर असो की अठरा. द्रवाचा दाब खोलीवर अवलंबून असतो. नळीच्या लांबीवर किंवा वळणांवर नाही. एका बाजूची पातळी वर असेल तर त्या बाजूचा दाब तळाशी जास्त होतो आणि दोन्ही दाब सारखे होईपर्यंत पाणी दुसऱ्या बाजूकडे सरकते. एक काळजी मात्र घ्यावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. बुडबुडा जागा अडवतो, पण त्याला वजन जवळजवळ नसते. त्यामुळे पातळ्या फसव्या होतात. म्हणून प्रथम दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत येते ना, ते पाहून घ्यावे.

पाऊस उघडल्यावर मी आणि काकांचा आठवीतला नातू नळी घेऊन मागे गेलो. शिडीवर चढून नळी धरण्याची गरजच नव्हती. छातीइतक्या उंचीवर, भिंतीच्या दोन्ही टोकांना, नळीतील पाण्याच्या पातळीच्या खुणा केल्या. त्या दोन खुणा समतळात आल्या. मग प्रत्येक खुणेपासून वर पन्हळीच्या तळापर्यंतचे अंतर टेपने मोजले. उत्तरेकडे १६२ से.मी. भरले, दक्षिणेकडे १६०. म्हणजे पाइप होता ते टोक दोन सेंटिमीटर उंच! पोराने आकडे दोनदा मोजून आजोबांना दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे इतके दिवस पाण्याला डोंगर चढायला सांगत होतो की काय आपण?”

पन्हळीला किती उतार द्यावा? अगदी समतळ पन्हळीतूनही पाणी वाहते. ते एका बाजूला तुंबून स्वतःचा उतार तयार करते. पण मग पन्हळ काठोकाठ भरते आणि पाऊस थांबल्यावर तळाशी पाणी साचून राहते. दर मीटरला ३ ते ५ मि.मी. उतार पुरतो. खूप उतार दिला म्हणजे खूप फायदा, असे मात्र नाही. वाहत्या पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हे फ्रेंच अभियंता आंत्वान शेझी याने अठराव्या शतकातच दाखवले. वेग दुप्पट हवा असेल तर उतार चौपट करावा लागेल. तसे केले तर पन्हळीचे खालचे टोक वळचणीपासून फार खाली जाते आणि तेथे वेगळीच अडचण उभी राहते.

ती अडचण अशी. छपरावरून येणारे पाणी कौलाच्या कडेपाशी थांबत नाही, ते पुढे उडी घेते. समजा, छपराचा उतार ३० अंशांचा आहे आणि जोराच्या सरीत कडेवरून सुटणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर आहे. पन्हळ कडेच्या ५ से.मी. खाली असेल तर पाणी तिच्यात पडेपर्यंत साधारण साडेपाच से.मी. पुढे जाते. तीच पन्हळ १५ से.मी. खाली असेल तर पाणी ११ से.मी.हून अधिक पुढे जाते. १२ से.मी. रुंदीच्या पन्हळीत कौलाची कड ४ से.मी. आत आलेली असते, म्हणजे पुढे जागा उरते ८ से.मी.; पाणी सरळ पन्हळीवरून उडून अंगणात जाणार. घरचे लोक म्हणणार, पन्हळ भरून सांडते. वास्तविक ती निम्मी रिकामी असते!

रिमझिम पावसात याच्या उलट घडते. तांब्यातून पाणी अगदी हळू ओतून पाहा. ते धार न धरता तांब्याच्या काठावरून वळून खाली पोटावर ओघळते. १९५६ मध्ये मार्कुस रायनर या शास्त्रज्ञाने याला ‘चहाच्या किटलीचा परिणाम’ असे नाव दिले. पाणी पृष्ठभागाला चिकटते हे एक कारण. शिवाय काठावरून वळताना काठालगतच्या पाण्यातील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा प्रवाहाला काठाशी दाबून धरते. मंद पावसात कौलाच्या कडेवरही हेच होते. पाणी कडेखालून मागे वळते, वाशांच्या टोकांवर जाते, तेथून भिंतीवर. पन्हळ कोरडी आणि भिंत ओली, असा चमत्कार दिसला तर कारण हे समजावे. शेवटच्या ओळीच्या कौलांखाली पत्र्याची एक पट्टी सरकवून तिची खालची कड पन्हळीत वाकवली की काम भागते.

पन्हळ मध्येच झोळीसारखी लोंबत असेल तर आकडे फार दूरदूर मारलेले असतात. आमच्या मापाची पन्हळ काठोकाठ भरली तर तिच्यात मीटरला साडेपाच लिटरांवर पाणी मावते, म्हणजे आठ मीटरांत पंचेचाळीस किलोग्रॅम! जणू एखादा नववीतला मुलगाच तिच्यात आडवा झोपला आहे. दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले तर बाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणून आकडे ६० ते ७५ से.मी.वर असावेत. लोंबलेल्या भागात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची पिढी तयार होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

सांध्यांचा नियम कौलांसारखाच: वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत यावे. उलटे झाले तर कितीही झाळले तरी सांधा कधी ना कधी गळतोच. पी.व्ही.सी.च्या पन्हळीत सांध्याशी थोडी मोकळीक हवी. तापमान वीस अंशांनी वाढले तर आठ मीटरांची पी.व्ही.सी. पन्हळ सुमारे ११ मि.मी. वाढते, लोखंडी पत्र्याची दोनच मि.मी. मोकळीक नसेल तर ती मे महिन्यात सापासारखी वळते आणि आकड्यांतून निसटते. पाइपाचे भोकही तपासावे. व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ चौथाई होते. पाच से.मी. व्यासाच्या भोकावर पाच से.मी. पाणी उभे असले तर त्यातून सेकंदाला एक लिटरहून थोडे अधिक जाते, साडेतीन से.मी.च्या भोकातून जेमतेम निम्मे.

आमच्या पन्हळीचे काय केले ते सांगायचे राहिलेच. सगळे आकडे उचकटून उतार उत्तरेकडे फिरवायचा तर काम मोठे होते आणि उत्तरेकडे पन्हळ कडेपासून फार खाली गेली असती. खचलेल्या वळचणीने दक्षिणेकडे दोन से.मी. उतार आयताच दिला होता. म्हणून पन्हळ न फिरवता पाइपच फिरवला. उत्तरेकडचे भोक पत्र्याने झाळून बंद केले, दक्षिणेच्या टोकाला पाच से.मी.चे नवे पाडले, आणि शेवटचे तीन आकडे बोटभर खाली घेतले. पाइपाचे पाणी चर खणून माडांच्या आळ्यांकडे नेले. शिडीवरचे काम अर्थात मोठ्या माणसांनी केले. तुम्हीही मोजमाप जमिनीवरून करा. शिडी ओल्या जमिनीवर लावू नये, आणि विजेची तार बरेचदा वळचणीखालूनच घरात येते, तिच्यापासून दूर राहावे.

तो आठवीतला मुलगा आता पाइपाखाली बादली आणि हातात घड्याळ घेऊन बसतो. पंधरा लिटरांची बादली ३४ सेकंदांत भरली तर पाऊस तासाला सुमारे ५० मि.मी.च्या जोराने पडतो आहे. तुमच्या छपराखालची जागा मोजा आणि तुमचा आकडा काढा. परवा त्याने मला फोनवरून कळवले, बादली २१ सेकंदांत भरली, आणि मागचा कोपरा सुकतो आहे.