संगणकाचा राखणदार व त्याचे खोटे इशारे

आतां आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं व बहुतेक सहकारी संस्थांच्या कचेऱ्यांत संगणक आला आहे. पिकाचे हिशेब, तोलकाट्याच्या पावत्या, जमिनीचे नकाशे, सभासदांचीं खातीं हीं सर्व त्यावर ठेविलीं जातात. अशा संगणकावर एखादें नवें सॉफ्टवेअर बसवावयास घ्यावें आणि मध्येंच अँटिव्हायरसनें धोक्याचा इशारा देऊन ती फाइलच उचलून न्यावी, हा अनुभव अनेकांस येतो. अशा वेळीं दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी घाबरून उपयोगी सॉफ्टवेअर टाकून देतो, तर कोणी चिडून अँटिव्हायरसच बंद करतो. पहिल्या चुकीनें काम अडतें. दुसरीनें सारें दफ्तर जाण्याची भीति असते. म्हणून इशारा खरा कीं खोटा हें कसें पारखावें, याचा विचार येथें करूं.

इशारा खोटा कां ठरतो?

अँटिव्हायरस मुख्यत: तीन रीतींनीं काम करतो. पहिली रीत ओळखखुणेची. पूर्वीं सांपडलेल्या घातक प्रोग्रामांच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते व प्रत्येक नवी फाइल तो तिच्याशीं ताडून पाहतो. दुसरी रीत अनुमानाची. यादींत नसलेल्या फाइलीची ठेवण व वागणूक पाहून ती घातक असावी, असा तर्क तो करतो. तिसरी रीत लौकिकाची. फाइल किती लोकांनीं उतरवून घेतली आहे व तिच्यावर कोणाची सही आहे, हें पाहून तो भरंवसा ठेवितो किंवा ठेवीत नाहीं.

भाताच्या खाचरांत पाखडाचें तण कोंवळें असतां तें भाताच्या रोपासारखेंच दिसतें. घाईनें बेणणी करणारा माणूस चांगलें रोपही उपटून टाकतो. अनुमानानें चालणाऱ्या अँटिव्हायरसचें असेंच होतें. लहान कंपनीनें केलेलें सॉफ्टवेअर थोडेच लोक वापरतात, म्हणून त्यास लौकिक नसतो. सहीचें प्रमाणपत्र घेण्यास पैसे पडतात, म्हणून पुष्कळदां सहीही नसते. फाइल लहान व्हावी म्हणून ती आवळून बांधलेली असते, आणि घातक प्रोग्रामही लपण्यासाठीं तसेच आवळलेले असतात. शिवाय तोलकाट्यासारख्या यंत्रांशीं संगणक जोडणारें सॉफ्टवेअर पुष्कळदां विंडोजच्या अंतर्भागांत ड्रायव्हर बसवितें. हें वर्तनही संशयास्पद दिसतें.

ही चूक मोठ्या कंपन्यांच्या हातूनही झालेली आहे. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकअफी कंपनीच्या नव्या यादीनें विंडोज एक्सपीमधील एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरविली, व ठिकठिकाणचे संगणक पुन:पुन: बंद-चालू होऊं लागले. सप्टेंबर २०११ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसनें गूगलचें क्रोम हें सर्वपरिचित सॉफ्टवेअर परवलीचे शब्द चोरणारें म्हणून धरलें. सप्टेंबर २०१२ मध्यें सोफोस कंपनीच्या अँटिव्हायरसनें तर स्वत:चाच एक भाग घातक ठरविला.

परंतु प्रत्येक इशारा खोटाच, असें मानणें अधिक घातक आहे. मार्च २०२३ मध्यें ‘थ्रीसीएक्स’ या व्यावसायिक दूरध्वनीच्या सॉफ्टवेअरवर कांहीं अँटिव्हायरसांनीं इशारा दिला. सॉफ्टवेअर कंपनीचेंच व सहीही कंपनीचीच. म्हणून कांहीं ग्राहकांनीं तो खोटा मानला. पण २९ मार्च रोजीं उघड झालें कीं, हल्लेखोरांनीं कंपनीच्या घरांतच शिरून मूळ सॉफ्टवेअरांत घातक भाग मिसळला होता.

एका संस्थेचा अनुभव

आमच्या परिचयाच्या एका सहकारी संस्थेंत सोयाबीनच्या खरेदीच्या तोंडावर तोलकाट्याचें नवें सॉफ्टवेअर बसवावयाचें होतें. विक्रेत्याच्या माणसानें पेनड्राइव्हवरून फाइल दिली. अँटिव्हायरसनें ती धरली, तेव्हां “अँटिव्हायरस बंद करा, आमचें सॉफ्टवेअर चांगलें आहे,” असें त्यानें फोनवरून सांगितलें. चिटणीसांनीं तें मानलें नाहीं. सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्यांनीं तीच फाइल पुन्हा उतरविली व दोन्हींवरील सह्या पाहिल्या. पेनड्राइव्हवरील फाइलीची सही जुळत नव्हती. वाटेंत कोठल्या तरी संगणकावरील व्हायरस तींत शिरला होता. संकेतस्थळावरील फाइलीची सही बरोबर होती. मात्र तिच्यावरही निराळ्या, मोघम नांवाचा इशारा आला. चिटणीसांनीं कंपनीस विचारलें व ती फाइल अँटिव्हायरसच्या कंपनीकडे तपासणीस पाठविली. चार दिवसांनीं यादी सुधारली व इशारा थांबला. त्या चार दिवसांत पावत्या हातानें लिहाव्या लागल्या. पण सभासदांचीं खातीं सुरक्षित राहिलीं.

पारख कशी करावी?

(१) इशारा पूर्ण वाचून त्यांतील नांव टिपून ठेवावें. ‘अनोळखी ॲप’ म्हणून विंडोज जो निळा फलक दाखवितें, तो बहुधा केवळ लौकिक नसल्याची सूचना असतो. ‘जनरिक’, ‘ह्यूरिस्टिक’ असे शब्द किंवा शेवटीं ‘एमएल’ हीं अक्षरें असल्यास तो अनुमानाचा इशारा समजावा. हा पुरावा नव्हे; केवळ सुगावा आहे.

(२) आलेली फाइल टाकून द्यावी व ती मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच पुन्हा घ्यावी. पेनड्राइव्ह, शोधयंत्रांतील जाहिरात व ओळखीच्याची प्रत हीं टाळावीं.

(३) फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें डिजिटल सही पाहावी. कंपनीनें ‘एसएचए-२५६’ ठसा दिला असल्यास तो ताडून पाहावा. हा ठसा ६४ अंकाक्षरांचा असून फाइलींत एक अक्षर बदललें तरी तो बदलतो. मात्र कारखान्यांतच भेसळ झाली असेल तर सही व ठसा दोन्ही जुळतात, हें थ्रीसीएक्सच्या उदाहरणावरून ध्यानांत ठेवावें.

(४) ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर फाइल दिली असतां अनेक कंपन्यांचे अँटिव्हायरस ती एकदम तपासतात. एकदोघांनींच मोघम नांव दिलें तर इशारा बहुधा खोटा असतो. नामांकित अशा अनेकांनीं धोका सांगितला तर तो खरा धरावा. नवा व्हायरस पहिल्या दिवशीं थोड्यांसच ओळखतां येतो, म्हणून एकदोन दिवसांनीं पुन्हा तपासावें. तेथें दिलेल्या फाइली इतरांस पाहतां येतात. सबब खातीं, कागदपत्रें वगैरे खासगी फाइली तेथें कधींहि देऊं नयेत.

(५) शंका राहिल्यास सॉफ्टवेअरच्या कंपनीस विचारावें व फाइल अँटिव्हायरसच्या कंपनीकडे पाठवावी. मायक्रोसॉफ्ट व इतर मोठ्या कंपन्या अशा फाइली तपासणीसाठीं स्वीकारतात.

(६) खात्री पटल्यावर तेवढ्या एका फाइलीसच मोकळीक द्यावी. विंडोजमध्यें ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ या ठिकाणीं अडकविलेली फाइल परत मिळते. सबंध ड्राइव्ह किंवा ‘डाउनलोड्स’चें सारें दालन मोकळें सोडूं नये. यादी सुधारल्यावर दिलेली मोकळीक काढून घ्यावी.

फुकट मिळणाऱ्या चोरट्या, ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर “आधीं अँटिव्हायरस बंद करा” अशी सूचना हटकून असते. तिच्या नादीं लागूं नये. खंडणीसाठीं सर्व फाइली कुलुपबंद करणारे प्रोग्राम अशाच वाटेनें आंत येतात. सबब खात्यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती संगणकापासून अलग ठेवणें हा नित्य परिपाठ असावा.

पाहुणा आला तरी राखणीचा कुत्रा भुंकतो. म्हणून कोणी त्यास विकून टाकीत नाहीं, किंवा तो भुंकला म्हणून पाहुण्यास हांकलूनही देत नाहीं. घरधनी बाहेर येऊन कोण आलें तें पाहतो. संगणकाच्या बाबतींत तितकेंच करावयाचें आहे. हंगामाच्या घाईंत चार दिवसांचा खोळंबा सोसतां येतो; पण वर्षानुवर्षांचीं खातीं एकदां गेलीं तर तीं पुन्हा उभीं करणें फार कठीण, हें प्रत्येक संस्थेनें लक्षांत ठेवावें.