महापुरातली महामारी

जुलै २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरू लागली असताना कोल्हापूर जिल्ह्यात ती अजून ठाण मांडून बसली होती, आणि नेमक्या त्याच सुमारास पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५६ फुटांपर्यंत मजल मारली. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी या भागांतील रहिवाशांना घरे सोडावी लागली. ज्या माणसांना वर्षभर परस्परांपासून दूर राहण्याची सक्त ताकीद दिली गेली होती, त्यांनाच निवारा केंद्रांत एका छताखाली आणणे प्रशासनास भाग पडले. शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, आणि वारंवार हात धुण्याचा उपदेश ऐकत आलेला कोल्हापूरकर, नदी पेठांत शिरली असताना, घागर घेऊन टँकरची वाट पाहत उभा राहिला.

रोगराईच्या दिवसांत हवामानबदलाची चर्चा ही चैन होय, असे मानणाऱ्यांना त्या रिकाम्या घागरीने पुरेसे उत्तर दिले आहे, असे मला वाटते.

दुहेरी संकटाचा हा अनुभव करवीरास, म्हणजे कोल्हापुरास, नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ आणि प्लेग पाठोपाठ आले, तेव्हा शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रोगग्रस्त वस्ती मोकळ्या माळावर हलविण्याचा बंदोबस्त केला, आणि तात्पुरत्या मदतीवर न थांबता पुढे राधानगरीच्या धरणाचे कायमस्वरूपी काम हाती घेतले.

करोनाच्या संकटातही राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे साथ ऐन भरात असताना, ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले आणि भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या कसोटीवर स्थानिक संस्थांच्या कामाचे मूल्यमापन आरंभिले. पुढे केंद्राच्या ‘अमृत’ या नागरी योजनेतील राज्यातील ४३ शहरांमध्ये कोल्हापूरही शून्य उत्सर्जनाच्या जागतिक मोहिमेत सामील झाले. परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपून, साथीमुळे निवडणूक लांबून, कारभार प्रशासकाकडे गेलेला असल्यामुळे, या संकल्पांवर लोकप्रतिनिधींची खडाजंगी व्हावयास हवी होती ती झाली नाही. परिपत्रके निघाली, लोकमत मात्र घडले नाही.

प्रत्यक्ष काम पडले ते सफाई कामगारावर. करोनाग्रस्त घरातील कचरा पिवळ्या पिशवीतून वेगळा उचलणारा आणि ओला-सुका कचरा वेगळा करावा म्हणून दारोदार विनवणारा माणूस एकच होता. ओला कचरा कुजून निघणारा मिथेन वायू पृथ्वी तापवितो आणि तोच ढीग रोगाचे माहेरघर होतो, त्यामुळे त्याच्या एका कामात दोन्ही कर्तव्ये पार पडत होती. त्याला हातमोजे, मास्क आणि वेळेवर पगार मिळणे हाही हवामानकृतीचाच भाग मानला पाहिजे.

महापालिकेचे अंदाजपत्रक यापुढे मांडले जाईल तेव्हा, उपसा केंद्रांची विद्युत यंत्रणा पूरपातळीच्या वर नेण्यासाठी, नाल्यांतील सांडपाणी पंचगंगेत मिसळण्यापूर्वी शुद्ध करण्यासाठी आणि पूररेषेतील भराव रोखण्यासाठी किती तरतूद आहे, हे प्रत्येक कोल्हापूरकराने तिच्या कारभाऱ्यांना अवश्य विचारावे.