बुजण्याआधी मोजायची भेग

मागच्या लेखांकात आपण पाहिले की प्रस्तरभंगाच्या दोन बाजू वर्षानुवर्षे एकमेकींना अडकून राहतात आणि ताण असह्य झाला की झटक्यात सुटतात. हा झटका कधी पृष्ठभागापर्यंत पोहोचतो आणि जमीन फाटते. त्या फाटीचा नकाशा कसा करतात, ते कॅलिफोर्नियातल्या रिजक्रेस्टच्या उदाहरणाने पाहू.

४ जुलै २०१९ रोजी या वाळवंटी गावाजवळ ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दुसऱ्याच संध्याकाळी ७.१ तीव्रतेचा. पहिल्याची फाट ईशान्येकडे, दुसऱ्याची वायव्येकडे. दोन्ही जवळजवळ काटकोनात. मोठी फाट सुमारे ५० किलोमीटर लांब होती. दोन्ही ठिकाणी जमीन मुख्यतः आडवी सरकली होती. मोठ्या फाटीच्या कोणत्याही बाजूला उभे राहिलात, तरी पलीकडची जमीन उजवीकडे गेलेली दिसे.

किती सरकली, हे मोजायला आधी सरळ असलेली एखादी रेघ लागते. रस्त्यावरचा पांढरा पट्टा, कुंपण, वाळूतली गाडीची चाकोरी, कोरड्या ओढ्याचा काठ, काहीही चालते. मात्र भेगेच्या तोंडाशी फीत लावणे ही फसगत आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंची माती बरीच दूरपर्यंत वाकलेली असते, म्हणून रेघ जिथे पुन्हा सरळ होते तिथवर चालत जायचे, तिथून दोन्ही तुकडे मनाने भेगेपर्यंत वाढवायचे आणि मग त्यांच्यातले अंतर घ्यायचे. शिवाय फाट ही एकच सलग रेषा नसते. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरप्या भेगा एकीमागून एक सरकत जातात, मध्येच मातीचे उंचवटे येतात. यातल्या कोणत्या भेगा प्रस्तरभंगाच्या आणि कोणत्या नुसत्या हादऱ्याने उताराची माती घसरून पडलेल्या, हे जागेवर उभे राहूनच कळते. उपग्रहाच्या रडारने आणि विमानातल्या लेसरने रिजक्रेस्टचा फार मोठा भाग टिपला. तरीही पायी केलेली नोंद मला अधिक मोलाची वाटते.

ही नोंद लगेच व्हावी लागते. रस्ता वाहतुकीसाठी दुरुस्त होतो, वारा वाळू भरतो. काही ठिकाणी भूकंपानंतरही जमीन हळूहळू सरकत राहते. २०१४ मध्ये नापा खोऱ्यात असे घडले. म्हणून प्रत्येक मापाशेजारी तारीख आणि वेळ लिहावी लागते. रिजक्रेस्टच्या फाटीचा बराच भाग नौदलाच्या शस्त्रचाचणी तळात होता, तिथे परवानगीनेच जावे लागले.

कॅलिफोर्नियात या नकाशांना कायद्याचे बळ आहे. १९७१ च्या सॅन फर्नांडोच्या भूकंपानंतर, १९७२ मध्ये झालेल्या कायद्यानुसार सक्रिय प्रस्तरभंगावर राहती इमारत बांधता येत नाही. साधारणपणे ५० फूट अंतर सोडावे लागते. हे अंतर मोजायचे ते अशाच रेषेपासून.

आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपातही हालचाल मुख्यतः आडवी होती आणि जमिनीवर भेगांच्या ओळी दिसल्या होत्या. सह्याद्रीच्या पावसात आणि झाडोऱ्यात अशा खुणा फार काळ टिकत नाहीत. म्हणून वाचकांना एक विनंती : भूकंपानंतर शेतात वा रस्त्यात भेग दिसली, तर ती बुजवण्याआधी शेजारी काठी किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयाला कळवा.