मुखत्यारामागचा मूळ धनी

यज्ञांत व्रीहि न मिळाले तर नीवार घ्यावे, सोम न मिळाला तर पूतिका घ्यावी, अशी सोय शास्त्रकारांनीं करून ठेविली आहे. श्राद्धास ब्राह्मण न मिळाल्यास दर्भाचा चट मांडतात, हें तर आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. परंतु जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायांत, या प्रतिनिधीची मर्यादाही सांगितली आहे: देवता, अग्नि आणि मंत्र यांस प्रतिनिधि चालत नाहीं. कोठें बदलीवर काम भागतें आणि कोठें मूळच लागतें, हा विवेक आजच्या संगणकविद्येंतही करावा लागतो. घरांतील मुलगे, मुली व सुना या विद्येवर उपजीविका करीत असतां वडील मंडळीस त्यांच्या कामाचें मर्म थोडेंबहुत समजावें, या हेतूनें हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

डेटाबेस म्हणजे एक मोठें दप्तर. समजा, त्यांत एका गांवच्या जमिनींची नोंद आहे. एका गटाचा धारक पाहिला कीं त्याचे वारस, त्या वारसांच्या इतर जमिनी, त्या जमिनींचे फेरफार, अशी न संपणारी मालिका लागते. एक कागद मागतांच प्रोग्रॅमनें हें सारें ओढून आणलें, तर सबंध गांवचें दप्तर मांडीवर येऊन पडेल! यावर तोड म्हणून 'प्रॉक्सी', म्हणजे मुखत्यार, नेमतात. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडिस या चौघांनीं 1994 सालीं प्रोग्रॅमरचनेच्या नमुन्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हा नमुना याच नांवानें दिला आहे. जावा भाषेसाठीं गॅव्हिन किंग यांनीं 2001 सालीं आरंभिलेल्या हायबरनेट या साधनांत तर त्याचा नित्य उपयोग होतो.

या मुखत्याराजवळ आरंभीं फक्त धन्याचा क्रमांक असतो. क्रमांक विचारला तर तो स्वतःच उत्तर देतो. नांव, पत्ता, वांटा असें कांहीं विचारलें म्हणजे मात्र तो दप्तरांत जातो, मूळ ऑब्जेक्ट उठवून आणतो, आणि तेथून पुढें प्रत्येक प्रश्न त्याच्याकडे पोंचवितो. विचारणाऱ्यास वाटतें कीं आपण धन्याशींच बोलत आहों. निकड नसेल तर फेरा नाहीं, हा यांतील मोठा लाभ होय.

परंतु तीन प्रसंगीं हा मुखत्यार घात करितो. पहिला प्रसंग जातीच्या ओळखीचा. 'धारक' या सामान्य वर्गाखालीं 'व्यक्ति' आणि 'संस्था' असे दोन पोटवर्ग आहेत असें समजा. मुखत्यार नेमला जातो तेव्हां हातीं केवळ क्रमांक असतो. म्हणून त्याला अंगरखा 'धारक' या सामान्य वर्गाचाच मिळतो. मूळ धारक एखादें देवस्थान असलें, तरी "तूं संस्था आहेस काय?" या प्रश्नास मुखत्यार "नाहीं" असेंच उत्तर देईल. दुसरा प्रसंग तुलनेचा. मूळ आणि मुखत्यार यांचे वर्ग ताडून पाहिले तर ते निराळे निघतात. आणि मुखत्याराच्या पोटांत थेट हात घालून नांव शोधलें तर तेथें कांहींच सांपडत नाहीं. अशा वेळीं वारसांच्या यादींत एकच मनुष्य दोनदां गणला जाऊन सर्वांचेच वांटे चुकतील. तिसरा प्रसंग दप्तर बंद झाल्यावरचा. डेटाबेसशीं चाललेल्या व्यवहारास 'सेशन' म्हणतात. तें मिटल्यावर न उठविलेल्या मुखत्यारास नांव विचारलें, तर तो हात वर करितो आणि प्रोग्रॅम तेथेंच अडतो.

अशा ठिकाणीं मुखत्यारास बाजूस सारून मूळ ऑब्जेक्ट मागावा लागतो. पूर्वीं हें काम आडवळणाचें होतें: मुखत्याराच्या अंगीं असलेला हस्तक गांठून त्याच्याकडून मूळ काढून घ्यावें लागे. 2017 सालापासून हायबरनेटनें त्यासाठीं 'अनप्रॉक्सी' नांवाची सरळ क्रिया दिली आहे. मूळ अद्याप आणलें नसेल तर ती आणविते. तिला मूळच दिलें तर तेंच परत करिते. मात्र सेशन उघडें असतांनाच ती करावी. शिवाय ऊठसूट मूळ मागत बसणें हाही दोषच आहे. शंभर धारकांसाठीं दप्तराकडे शंभर फेरे पडतील. जेथें सारीं मुळें लागणार हें आधींच ठाऊक आहे, तेथें तीं एकाच फेरींत आणावीं. जेथें केवळ ओळख पटवावयाची आहे, तेथें क्रमांक ताडून पाहावा.

हाच न्याय आमच्या महाड-पोलादपुराकडील घरांस लागू आहे. मंडळी मुंबई-पुण्यास, जमीन गांवीं. तेव्हां सातबारा पडद्यावर पाहून समाधान मानण्याची चाल पडली आहे. पण पडद्यावरचा स्वाक्षरीविरहित उतारा माहितीपुरता असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 2018 पासून मिळूं लागला. त्या उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. फेरफारामागें खरेदीखत, वांटणीपत्र किंवा वारसनोंद असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, हिच्या कलम 157 प्रमाणें प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानतात. पण नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं, हें न्यायालयांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. सातबाराही मुखत्यारच! नित्याच्या कामास तो पुरतो. वांटणी, विक्री वा तंटा उभा राहिला कीं मूळ दस्तऐवजच लागतो.

जुलै 2021 मध्यें सावित्रीचें पाणी महाडच्या घराघरांत शिरलें, तेव्हां पेटीतल्या कागदांची काय शाश्वती असते तें सर्वांस कळलें. म्हणून एकत्र कुटुंबांनीं आपल्या उताऱ्यांवरील फेरफार-क्रमांक एका वहींत टिपावे, त्या फेरफारांच्या व नोंदलेल्या दस्तांच्या सहीशिक्क्याच्या नकला आणवाव्या, आणि कोणता दस्त कोणत्या प्रसंगीं झाला तें वडील माणसांस विचारून त्यापुढें लिहून ठेवावें. कचेरींतील नक्कल पुढेंही मागतां येईल. वडिलांच्या स्मरणांतील दप्तर मात्र एकदां मिटलें कीं पुन्हां उघडत नाहीं.