देवदारावरचा बर्फ आणि गुडगावचे संगणक

दिल्लीत बर्फ पडत नाही. जानेवारीतले दाट धुके, एखाद्या कडाक्याच्या पहाटे गवतावर दिसणारा पांढुरका थर, आणि नोएडाच्या सेक्टर 18 मधल्या मॉलमध्ये तिकीट काढून तुडवायला मिळणारा यंत्राचा बर्फ, एवढ्यावर इथल्या हिवाळ्याची हौस भागते. तरीही याच परिसरात, गुडगावच्या काचेच्या इमारतींत आणि नोएडाच्या फिल्म सिटीच्या आसपास, संगणकावर डोंगर, झाडे आणि हिवाळे उभे करून पोट भरणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. दिवाळी अंकांचे लक्ष तिच्याकडे सहसा जात नाही. कथा-कवितांच्या गर्दीत ‘फांदीवर बर्फ कसा बसवावा’ या विषयाला चार पाने देणे संपादकांना धाडसाचेच वाटत असणार.

या धंद्यात दोन घराणी आहेत. पहिले रंगवणाऱ्यांचे. झाडाचा जो भाग आकाशाकडे तोंड करून आहे तो पांढरा करायचा, बाकीचा हिरवा-तपकिरी ठेवायचा, की झाला हिवाळा. पृष्ठभागाचा उतार मोजणारी एक ओळ लिहिली की काम भागते. पोव्ह-रे या जुन्या, फुकट मिळणाऱ्या रेंडररमध्ये, म्हणजे मॉडेलवरून चित्र काढणाऱ्या प्रोग्राममध्ये, तर त्यासाठी ‘स्लोप’ नावाचा तयार पॅटर्नच आहे. दुसरे घराणे रचणाऱ्यांचे. त्यांचे म्हणणे असे की बर्फाला जाडी असते, वजन असते, तो कुठून तरी येऊन कुठे तरी टेकतो आणि टेकल्यावर फांदीला खाली ओढतो. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या घराण्याचा, हे आधीच सांगून टाकलेले बरे. अनारशाला खसखस लावावी तसा झाडाला बर्फ लावणाऱ्यांशी त्याचा वाद जुना आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह नाही.

खुद्द झाडाचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने 1968 मध्ये वनस्पतींच्या वाढीचे व्याकरण मांडले, रीव्हजने 1983 मध्ये पार्टिकल सिस्टीम आणली आणि दोन वर्षांनी त्याच तंत्राने जंगल उभे केले, 1990 मध्ये प्रुसिंकिविच आणि लिंडेनमायर यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला, 1995 मध्ये वेबर आणि पेन यांनी फांद्यांचे कोन-लांब्या आकड्यांत बसवल्या. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमधले ‘सॅपलिंग’ हे झाडे घडवणारे साधन आजही या शेवटच्या दोघांच्याच वाटेने चालते. पुढे ब्राइस, टेराजेन, व्ह्यू ही निसर्गदृश्यांची सॉफ्टवेअर आली. त्यांनी डोंगर छान केले; झाडांच्या बाबतीत फार बोलण्यासारखे नाही.

खरी गंमत बर्फापाशी सुरू होते. जपानच्या निशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये बर्फ मेटाबॉलने घडवला. मेटाबॉल म्हणजे जवळ आले की एकमेकांत विरघळणारे गोळे. त्यांच्यामुळे बर्फाला त्याचा गुबगुबीतपणा मिळाला, कडा गोल झाल्या. पण तो गोळा नेमका कुठे ठेवायचा, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर 2000 सालच्या सिग्राफ परिषदेत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल फिअरिंगने दिले, आणि या क्षेत्रातला सर्वांत सुंदर निबंध कोणता असे विचारले तर प्रस्तुत लेखक डोळे मिटून त्याचेच नाव घेईल.

फिअरिंगची युक्ती उलटी आहे. आकाशातून कोट्यवधी हिमकण सोडले तर त्यातले बहुतेक जिथे नको तिथे पडतात आणि संगणकाचा वेळ फुकट जातो. म्हणून त्याने कण खालून वर सोडले. फांदीच्या, छपराच्या, कुंपणाच्या प्रत्येक तुकड्यातून कण वर निघतो, वाटेत भिरभिरतो आणि आकाश गाठता येते का ते पाहतो. जितके कण पोचले तितका बर्फ त्या तुकड्याच्या वाट्याला. कण भिरभिरतात म्हणूनच वळचणीखालीही थोडा बर्फ सरकतो आणि दाट फांदीच्या खाली तो हळूहळू विरळ होत जातो. एकदम कापल्यासारखी रेघ उठत नाही. हा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात साठलेला ढीग टिकेल का ते तपासायचे. उतार फार तीव्र झाला तर जादा बर्फ शेजारी ढकलायचा, शेजारी जागा नसेल तर कड्यावरून खाली सोडायचा, आणि तो जिथे पडेल तिथे पुन्हा हिशेब. दोन जवळच्या काड्यांमधली फट बुजून बर्फाचा पूल तयार होतो, तोही या हिशेबात येतो. शिमल्याच्या कुंपणांवर ज्याने असे पूल पाहिले आहेत त्याला हा निबंध वाचताना टाळी द्यावीशी वाटते.

दिल्लीत त्या काळी असले निबंध वाचणारे थोडे आणि ते करून पाहणारे त्याहून थोडे. संगणक नेहरू प्लेसमधून सुटे भाग आणून जोडलेला असे. महागडी सॉफ्टवेअर तिथल्याच फुटपाथवर कवडीमोलाने मिळत, पण ती चोरीची. ज्यांना ते पटत नसे ते पोव्ह-रेकडे वळत. 2002 मध्ये पोव्ह-रेची 3.5 ही आवृत्ती आली आणि तिच्यात ‘ट्रेस’ नावाचे फंक्शन अधिकृतपणे आले. एखाद्या बिंदूतून किरण सोडा, तो वस्तूला कुठे टेकला आणि तिथे पृष्ठभागाचे तोंड कोणीकडे आहे, हे ते सांगते. बस, एवढेच हवे होते. वरून किरण सोडायचे, फांदीवर जिथे टेकतील तिथे छोटे ब्लॉब, म्हणजे पोव्ह-रेचे मेटाबॉल, ठेवायचे, काही किरण मुद्दाम तिरके करायचे म्हणजे वाऱ्याकडची बाजू जास्त भरते. खोडाच्या एकाच अंगाला चिकटलेला बर्फ असाच मिळतो. रात्री रेंडर लावायचे, मध्यरात्री वीज गेली की शिव्या घालायच्या, सकाळी अर्ध्या चित्रावर समाधान मानायचे. करोलबाग-पहाडगंजच्या मराठी घरांतून या उद्योगाला ‘पोरगा रात्रभर झाडं भाजतोय’ एवढीच दाद मिळे.

रंगवणाऱ्या घराण्याचा आक्षेप ठरलेला आहे: प्रेक्षकाला एवढे कळत नाही. कळते. त्याला कारण सांगता येत नाही, पण झाड खोटे आहे हे त्याला पहिल्या क्षणी कळते, कारण फांदी वाकलेली नसते. ताजा कोरडा बर्फ हलका, घनमीटरला 50 ते 100 किलो. ओला झाला की वजन दुप्पट-तिप्पट होते. शून्याच्या आसपासच्या तापमानात बर्फ चिकट असतो, काडीकाडीवर थापला जातो, आणि नेमक्या त्याच वेळी फांदीही लवचीक असते म्हणून जास्त झुकते. कडक थंडीत फांदी गोठून ताठ होते आणि भुसभुशीत बर्फ तिच्यावरून झटकन उडून जातो. म्हणजे एकाच झाडाची दोन रूपे आणि दोन्हींत फरक फक्त काही अंशांचा. उतार मोजणाऱ्या त्या एका ओळीला यातले काही ठाऊक नसते. आधी बर्फ बसवा, त्याच्या वजनाने फांदी वाकवा, वाकलेल्या फांदीवर पुन्हा बर्फ बसवा: ही फेरी दोनदा केली तरी चित्र बदलते.

आता झाडांकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे.

देवदाराच्या फांद्या आडव्या, मजल्यांसारख्या पसरलेल्या, टोकाशी किंचित झुकलेल्या. आखूड सुया बारक्या डहाळ्यांवर झुपक्यांनी उगवतात आणि वरून पाहिले तर जणू गालिचा होतो. त्यावर बर्फ सपाट लाद्यांसारखा बसतो. मजल्या-मजल्यामधून काळोख दिसत राहतो. हे काळे-पांढरे पट्टे म्हणजेच देवदार. कैलाच्या, म्हणजे हिमालयातल्या निळ्या पाइनच्या, सुया पाच-पाचच्या जुडग्यांत, वीतभर लांब आणि लोंबत्या. त्यावर बर्फ गोळ्यागोळ्यांनी अडकतो आणि फांदीचे टोक मुठीसारखे दिसते. याउलट राई, म्हणजे हिमालयातला स्प्रूस. त्याच्या उपफांद्या पडद्यासारख्या खाली सोडलेल्या असतात. बर्फ मुख्य फांदीच्या पाठीवर राहतो आणि पडद्यावरून घसरून जातो. त्यामुळे राई बर्फातही गडद दिसते. भोजपत्राची तर पाने हिवाळ्यापूर्वीच गळलेली, उरतात फक्त काटक्या. तिथे प्रत्येक काटकीवर बोटभर उंच पांढरी भिंत उभी राहते. चार झाडे, चार तऱ्हा. आणि आपल्या पडद्यांवर दिसतो तो एकच नाताळचा त्रिकोण!

प्रकाशाबद्दल तीनच वाक्ये. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो, म्हणून त्याला शुद्ध पांढरा रंग दिला तर चित्र जळते. आणि तो प्रकाश आत शिरून, भटकून बाहेर येतो, त्याचा हिशेब यान्सन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडल्यापासून तो बहुतेक रेंडररमध्ये आला आहे. सावल्या निळ्या ठेवा, कारण तिथे फक्त आकाश उजेड देते.

चित्रपटांत भारतीय हातांचे काम मोठे आहे, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. डिस्नेटूनचा ‘सीक्रेट ऑफ द विंग्ज’ हा टिंकर बेलचा 2012 चा चित्रपट बराचसा हिवाळी वनात घडतो, आणि त्याचे ॲनिमेशन मुंबईच्या प्राणा स्टुडिओजने केले. घामाच्या शहरात बसून त्या मंडळींनी हिमवन उभे केले, याचे कौतुक मराठी वर्तमानपत्रांनी करायला हवे होते. पुढच्याच वर्षी ‘फ्रोझन’ आला आणि सगळे कौतुक तिकडे वळले. ते अस्थानी नव्हते. स्टोमाखिन, टेरन आदींनी त्यासाठी बर्फाला कण आणि जाळी या दोन्हींत एकाच वेळी मोजणारी पद्धत वापरली. दाबला की घट्ट होणारा, ओढला की तुटणारा बर्फ तेव्हा प्रथमच पडद्यावर पटला. पण ते तंत्र चालणाऱ्या, फुटणाऱ्या, ढासळणाऱ्या बर्फाचे. निमूट बसलेल्या बर्फाला त्याची गरज नाही, हे न समजता आपल्याकडच्या काही शिकवणी वर्गांनी तेच मुलांच्या माथी मारले. वर्षभर मुले हिमस्खलन शिकतात; फांदी मात्र सरळच्या सरळ.

राजधानी परिसरात या उद्योगाचे ठळक नाव म्हणजे लक्ष्य डिजिटल. 2004 मध्ये गुडगावात सुरू झालेली ही कंपनी परदेशी गेमसाठी चित्रसामग्री घडवते. 2014 मध्ये ती कीवर्ड्स स्टुडिओज या आयर्लंडच्या कंपनीने घेतली. पुण्यातही तिचा स्टुडिओ आहे. अशा स्टुडिओंनी शेकडो तरुणांना टेक्श्चर, पॉलिगॉन आणि शिस्त शिकवली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र गिऱ्हाईक परदेशातले, म्हणून झाडेही तिथली. हिमालय रात्रभराच्या अंतरावर असताना इथला मुलगा नॉर्वेचा स्प्रूस डोळे झाकून काढतो आणि देवदार पाहिला तर त्याला सुरू म्हणतो.

त्यात तयार मालाचा सुकाळ झाला. झाडे बनवणाऱ्या स्पीडट्री या सॉफ्टवेअरने झाडांचा धंदाच बदलला; 2015 मध्ये त्याला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. 2019 मध्ये एपिक गेम्सने क्विक्सेल विकत घेतली आणि स्कॅन केलेल्या दगड-झाडांचे भांडार एपिकचे अनरील हे गेम इंजिन वापरणाऱ्यांना खुले झाले. ब्लेंडरमध्ये ‘रिअल स्नो’ नावाचे ॲड-ऑन आहे; वर तोंड केलेले भाग निवडून त्यावर ते मेटाबॉल पसरते, म्हणजे निशितांचे गोळे अजून जिवंत आहेत, याचा आनंदच आहे. पण बटण दाबले की बर्फ येतो आणि फांदी जागची हलत नाही. आता तर शब्द टंकले की चित्र तयार. त्या चित्रांत खोडाच्या दोन्ही अंगांना सारखाच बर्फ असतो; वारा कुठून आला होता, हे चित्राला विचारायची सोय नाही. एका स्टुडिओत प्रस्तुत लेखकाने हा मुद्दा काढला तेव्हा ‘सर, क्लायंटने ओके केलंय’ असे उत्तर मिळाले. यापुढे बोलणे खुंटते.

तरी एक विनंती करावीशी वाटते, विशेषतः या परिसरात ॲनिमेशन शिकवणाऱ्यांना. दिल्लीहून रात्री कालका मेल निघते. 2021 पासून तिचे नाव नेताजी एक्सप्रेस आहे. पहाटे कालका, तिथून 96 किलोमीटरची छोटी गाडी शिमल्याला जाते. जानेवारीत एकेका तुकडीला तिकडे न्यावे. कॅमेऱ्याबरोबर मोजपट्टीही द्यावी: फांदी किती लांब, बर्फ किती जाड, टोक किती खाली आले. बर्फ वितळल्यावर त्याच फांद्या मार्चमध्ये पुन्हा मोजाव्यात, म्हणजे भार किती झुकवतो ते आकड्यात हाती येईल. देवदार, कैल आणि राई यांची मॉडेल त्या मोजमापांवरून करावीत आणि कोणालाही फुकट वापरता येतील अशी खुली ठेवावीत. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत झाडांची खात्रीशीर ओळख पटवून घेता येते. खर्च एका बऱ्या ग्राफिक्स कार्डापेक्षा कमीच येईल.